सासूबाईंनी मागितलेलं झाड

५ ऑक्टोबर, बुधवार
टोंबोनं आज कुऱ्हाडीला धार लावली. वरची टेकडी तोडायची, वाळवायची, जाळायची, मग भात. वादळानं खालचं खाचर वाळूनं भरलं, त्यामुळे नवऱ्याचं चुकतंय असंही म्हणता येत नाही.

पण तिथे ते जोडपं आहे! पांढऱ्या मांड्यांचे फोत्सीफे लेमर. रात्रभर पाला खातात, दिवसा मोठ्या झाडाच्या बेचक्यात एकमेकांना बिलगून झोपतात. यंदा आईच्या पोटाला चिकटलेलं पिल्लू आहे. मी रोज बघून येते. पावसाळ्यात आमची तान्ही लेक झेता तापानं गेली, तेव्हापासून माझा जीव दुसरीकडे कुठे रमत नाही.

टोंबो म्हणाला, "तुझ्या लेमरांना टेकडी, आणि आपण काय वारा खायचा?"

६ ऑक्टोबर, गुरुवार
गुरुवारी रानात कुऱ्हाड चालत नाही, पूर्वज कोपतात. एक दिवस मिळाला.

७ ऑक्टोबर
केलं एकदाचं! बेझारा आजोबांकडे गेले. गावाच्या वतीनं पूर्वजांशी बोलायचा मान त्यांचा. सगळ्यांसमोर सांगितलं — सासूबाई स्वप्नात आल्या, त्या मोठ्या झाडाखाली उभ्या होत्या, 'हे माझं' म्हणाल्या. बस्, एवढंच बोलल्या.

साफ खोटं. पण गेलेल्या माणसाचा शब्द इथे मोडणार कोण? टोंबो आईच्या आठवणीनं रडला. कुऱ्हाड आढ्याला खोचून ठेवली. लाज वाटली मला, आणि हायसंही वाटलं.

९ ऑक्टोबर
आजोबांनी स्वप्नाचा अर्थ लावला. "सूनबाई, तिची पुरलेली पेटी कुजली असणार. गारठत असेल बिचारी. त्या झाडाच्या खोडाचं नवं घर मागतेय ती."

मी म्हटलं, नाही हो, झाड उभंच हवंय त्यांना.

"असं म्हणाली ती?"

एवढंच बोलल्या, हे मीच तर सांगून बसले होते.

१० ऑक्टोबर
झाड पाडलं. मी आधी जाऊन टाळ्या वाजवल्या, खोडावर दगड मारले. उठेचनात. एकमेकांना आणखी घट्ट धरून बसले. नर शेवटी उडी मारून सुटला. आई झाडाबरोबर खाली आली.

पिल्लू जिवंत आहे. माझ्या कापडात आहे.

१२ ऑक्टोबर
पेज घेत नाही. पाला लावला तोंडाला, तोही नको. नुसतं माझं बोट धरून ठेवतं. झेतानंही असंच धरलं होतं.

१५ ऑक्टोबर, शनिवार
पहाटे गेलं.

दुपारी सासूबाईंना उकरून नव्या पेटीत ठेवलं. रीतीप्रमाणे उसाची दारू, ढोल, नाच. मी पिल्लू गुंडाळून हळूच त्यांच्या पायाशी सरकवलं.

टोंबो मिठी मारून म्हणाला, "आई खूश झाली गं, तुझ्यामुळे. मागणं पुरं झालं तिचं. आता टेकडी मोकळी." सोमवारपासून तोड. नर अजून तिथेच शीळ घालतोय. एकटाच!

१६ ऑक्टोबर
सासूबाई स्वप्नात आल्या. खरंच आल्या! मांडीवर पिल्लू. म्हणाल्या, 'त्याला तरी राहू दे.'

उठून आजोबांच्या दारापर्यंत गेले. तशीच परत आले. आता ते काय अर्थ लावतील, कोण जाणे.