तुमची होडी पलीकडे उभी होती

बाबा, काल नार्व्याच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहताना एक पाहुणी मला विचारत होती, या आडगावात एवढं जुनं देऊळ कसं? माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघालं, "देव ह्याच वाटेन आयलो." पोर्तुगीजांच्या भयाने पलीकडच्या दिवाडी बेटावरचा देव नदी ओलांडून आपल्या गावी आला, ही हकिकत तुम्ही प्रत्येक उतारूला नेमकी मधल्या पाण्यात सांगायचात, म्हणजे कोणाला उठून जाता येऊ नये. आणि सांगायचात अशी, की जणू देवाच्या होडीचं वल्हं आपल्याच पणजोबांच्या हातात होतं.

तेव्हा गावाला मोटाररस्ता नव्हता. डिचोलीला पायी जायचं आणि नदीपार तुमच्या होडीने. पलीकडून हाक आली की तुम्ही जेवणावरून उठता, आई करवादते, "जेवून तरी वचात." तुम्ही म्हणता, "थंय मनीस उबो आसा." गोवा मुक्त झाल्यावर काही वर्षांनी बस आली, आणि माझं लग्न झालं त्या वर्षी फेरीबोट. तुमची होडी रिकामी राहू लागली.

लग्नानंतर पहिल्यांदा लेकीला माहेरी आणायला बापाने स्वतः होडी न्यायची, ही आपल्या होडीवाल्या तारींच्या घराची रीत. माझ्या सासरी, दिवाडीच्या काठावर मी नणंदेबरोबर उभी होते. फेरीबोट लागलेली. नणंद म्हणाली, "होडयेन कोण वता आतां? साडी भिजतली." मी तिच्यामागोमाग फेरीबोटीत चढले. घरी पोचले, चहा झाला, आणि मग कितीतरी वेळाने तुम्ही घामाघूम होऊन दारात आलात. आईने काही विचारायच्या आत म्हणालात, "हांव झाडांफाटल्यान उबो आशिल्लों. तुका दिसलों ना, न्हय गो बाये?"

मी "ना" म्हटलं, दिसला नाहीत. पुढे वर्षानुवर्षं तुम्ही सगळ्यांना सांगत राहिलात की चूक तुमचीच, होडी झाडांमागे भलत्या जागी लावली. होडी मात्र त्यानंतर तुम्ही पाण्यात घातली नाही. तुम्ही गेलात तेव्हाही ती अंगणात पालथीच होती, आणि मला तिच्याकडे बघवेना.

हे पत्र टाकणार कुठे? घडी करून कपाटात ठेवीन. बाबा, तुम्ही झाडांमागे नव्हता. उघड्यावर होता, जत्रेला घालायचा पांढरा शर्ट घालून. तुम्ही हात वर केलात, आपली नजरानजर झाली, आणि नणंदेसमोर मला तुमची लाज वाटली म्हणून मी मान फिरवली.