तिसऱ्या दिवशी दोन तास

प्रिय बबडे,

हे पत्र तुला आईच्या बॅगेत सापडेल, तुझ्यासाठी विणलेल्या स्वेटरच्या घडीत. पाकीट चिकटवून तिच्या हातात दिलं तेव्हा म्हटलं, बापलेकीचं आहे, फोडू नकोस. ती म्हणाली, फोडून करू काय, तुमचं अक्षर लागतंय कुणाला. एकतीस वर्षं मुलांना नकाशे काढायला शिकवले, पण माझं स्वतःचं अक्षर काही वळणावर आलं नाही. घरात ते फक्त तुला लागतं, म्हणून निर्धास्त आहे. एकटी असशील तेव्हा वाच.

आईचा गुडघा बराच सुधारलाय, तरी तुझ्याकडचे तीन जिने तिला एका दमात चढायला लावू नकोस. ती चढेल, आणि मग दोन दिवस काही दुखत नाही म्हणून सांगेल. मी ठणठणीत आहे. सकाळी वरच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांबरोबर तलावापर्यंत चालून येतो. ते वाटेत एक अक्षर बोलत नाहीत, म्हणून मला आवडतात. घरात एकच बदल झालाय. जेवणाच्या टेबलावरचा कॉम्प्युटर मी उचलून माळ्यावर ठेवला. इतकी वर्षं त्याच्या शेजारी उरलेल्या जागेत आम्ही जेवत होतो, आणि गेली तीन वर्षं तर आई रोज विचारायची, "तुमच्या त्या देशाचं ठरलं असेल तर पानं घेऊ का?" आता टेबल मोकळं आहे. जेवताना समोर काय बघायचं ते मला कळत नाही. तिलाही कळत नसावं.

हे सगळं तुला थोडंथोडं माहीत आहे, पण काही गोष्टी मी तुला सांगितलेल्या नाहीत, म्हणून पहिल्यापासून सांगतो. निवृत्त झाल्यावर मी इंटरनेटवरच्या त्या ज्ञानकोशात लिहायला लागलो. कुणीही यावं, लिहावं, दुसऱ्याचं चुकलं असेल ते सुधारावं, अशी ती सोय. मी नद्या लिहिल्या, सरोवरं लिहिली, पावसाचे तक्ते केले. नदीवरून कुणी भांडत नाही. तिची लांबी चुकली तर कुणीतरी नीट करतं आणि आभार मानून जातं. मला वाटलं, म्हातारपण असंच सुखात जाईल. मग तू तिकडं नोकरीला गेलीस, तिथलाच नवरा केलास, आणि माझी लेक राहते तो देश कसा लिहिलाय ते बघावं म्हणून मी ते पान उघडलं.

पहिल्याच वाक्यावर घोडं अडलं होतं. अर्धं जग त्याला देश मानतं, अर्धं मानत नाही. त्यामुळं 'हा एक' याच्यापुढं कुणी देश लिही, कुणी प्रदेश, कुणी भूभाग, कुणी तथाकथित. सकाळी देश असायचा, दुपारी जेवून येईपर्यंत भूभाग झालेला असायचा. सतरा दिवस मी चर्चेच्या पानावर सगळ्यांना समजावत होतो की कोण मानतं आणि कोण मानत नाही ते दोन्ही तारखांसकट लिहा आणि पुढं चला. शेवटी ते मान्य झालं. मी मोठ्या आनंदात आईला सांगितलं. तिनं विचारलं, म्हणजे तो देश आहे की नाही? मी म्हटलं, ते ठरवणं आपलं काम नाही. ती म्हणाली, मग सतरा दिवस काय ठरवलंत? मला हसू आलं होतं. तेव्हा येत होतं.

हळूहळू कळायला लागलं की तिथं भांडणाऱ्यांपैकी कुणालाच त्या जागेशी घेणंदेणं नाही. दोघांना तर मी टोपणनावंच दिली होती. एक हातोडा. देशाबद्दल जरा कुठं कमी लिहिलं की हा आलाच ठोकायला. दुसरा चिमटा. त्या देशातलं जे कुजलं असेल तेवढंच उचलून आणायचं, बाकी काही दिसत नाही. तिथली शाळा कशी आहे, बस वेळेवर येते का, माणसं आजारी पडली तर कुठं जातात, हे मी लिहिलं की दोघंही गप्प. त्यातून कुणाचीच बाजू जिंकत नव्हती ना.

मग त्या सरकारनं जाहीर केलं की आता राजधानीत घरोघर रोज पाणी. हातोड्यानं ते वाक्य लगेच पानावर चढवलं. मी फोनवर तुला कौतुकानं वाचून दाखवलं. तू पाणीपुरवठ्यात उपअभियंता, तुला आनंद होईल असं वाटलं. तू नुसती हसलीस. दुसऱ्या दिवशी तुझा फोटो आला. तुझ्या हातचं वेळापत्रक, चौकाचौकात पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या वॉलमनसाठी काढलेलं: राजधानीतले विभाग एक ते सहा, तिसऱ्या दिवशी, दोन तास. खाली तू लिहिलं होतंस, "बाबा, तुमच्या पानापेक्षा माझे वॉलमन खरं बोलतात." ते तू मला लिहिलं होतंस. बापाला. चेष्टेत.

मी तासाभरात तो फोटो ज्ञानकोशावर चढवला. तुला विचारलं नाही. विचारायला हवं हे सुचलंच नाही, असं इतके दिवस स्वतःला सांगत आलो. पण ते खरं नाही. सुचलं होतं. तू नको म्हणशील असंही वाटलं होतं. तुझं नाव आणि सही मी काळजीपूर्वक पुसली. वरचा जावक क्रमांक मात्र ठेवला, कारण क्रमांक नसलेल्या कागदाला पुरावा कोण म्हणणार. वर्गात हेच शिकवत आलो होतो.

पुढं जे झालं ते आठवलं की अजून अंगावर शेवाळ चढल्यासारखं वाटतं. चिमटा नाचायला लागला. ज्याला पाणी देता येत नाही तो देश कसला, असं त्यानं पाच ठिकाणी लिहिलं. तहानलेल्या माणसांबद्दल एक शब्द नाही, नुसता उत्सव. हातोड्यानं कागदावरचा शिक्का मोठा करून दाखवला आणि कडेची रेघ पुरेशी गोल नाही, म्हणून कागद बनावट, असा निकाल दिला. तिसऱ्या कुणीतरी नियम काढला की कार्यालयाचा अंतर्गत कागद हा संदर्भ होऊ शकत नाही, वर्तमानपत्रात आलं तरच ते खरं. एकानं तिथल्या माझ्या नावाच्या पानावर येऊन सत्यासाठी शाबासकी म्हणून चांदणीचं चित्र चिकटवलं. आणि ऐक बबडे, मला ती चांदणी आवडली. मी शिंपीकाकांना ती मोबाइलवर दाखवली.

दहा दिवसांनी त्याच चर्चेत कुणीतरी लिहिलं की जावक क्रमांकावरून त्या कार्यालयातली एक उपअभियंता शोधून काढलीय आणि १४ तारखेला तिला निलंबित केलंय. मी टेबलाशी बसून जेवत होतो. घास तोंडातच होता. आईकडं बघितलं, तर ती ओट्यापाशी पाठ करून उभी. तिला तीन दिवस आधीच माहीत होतं. बाबांना सांगू नकोस अशी शपथ तू तिला घातली होतीस. ती म्हणाली, "चौदाला नाही, तेराला. संध्याकाळी ऑफिसातून निघतानाच तिच्या हातात पत्र दिलं."

आता जे लिहितोय ते लिहिताना पेन जड झालंय. मी घास गिळला, कॉम्प्युटर पुढं ओढला आणि त्या माणसाच्या वाक्यातली तारीख दुरुस्त केली. चौदाचे तेरा केले. दुरुस्तीचं कारण लिहायची जागा असते, तिथं 'तपशील अचूक केला' असं लिहिलं. मग मागं वळून बघितलं तर आई माझ्याकडं बघत होती. ती रागावली नाही, रडली नाही. एखाद्याच्या कपड्यावर घाण पडलेली असावी आणि त्याला ती दिसत नसावी, तसं बघत होती. माझं ताट तिनं तसंच उचललं.

त्यानंतर आठवडाभर तिथं तुझ्यावर चर्चा चालली. निलंबित लिहायचं की चौकशी सुरू आहे लिहायचं. एका कर्मचाऱ्याची गोष्ट ज्ञानकोशात यावी इतकी महत्त्वाची आहे का. मतं मोजली गेली. महत्त्वाची नाही, असं ठरलं. ठरवणाऱ्यांत चांदणी देणाराही होता. इतकी वर्षं या माणसांना मी सहकारी म्हणत होतो. त्यांची किळस आली म्हणावं तर माझ्यात आणि त्यांच्यात फरक कुठं होता? फरक एवढाच, की तुझ्या निलंबनाची नेमकी तारीख फक्त मला माहीत होती.

चौकशीत तू काय केलंस ते आईकडून कळत गेलं. तुझ्या साहेबांनीच तुला वाट दाखवली होती. म्हणाले, कागद खोटा आहे, कुणीतरी बाहेर बनवलाय, एवढं लिहून दे, उद्यापासून कामावर ये. तू लिहून दिलंस की वेळापत्रक खरं आहे, ते मी केलंय, आणि त्या विभागांना अजूनही तिसऱ्या दिवशीच पाणी जातंय. फोटो कुणाला पाठवला ते मात्र सांगितलं नाहीस. चार महिने तू घरी बसलीस. जावईबापूंनी आईला सांगितलं की तू सकाळी नेहमीच्या वेळेला तयार होतेस आणि खिडकीशी उभी राहतेस. हे ऐकल्यावर मला तुझा अभिमान वाटायला हवा होता. वाटलाही. पण त्याच्या आधी भीती वाटली. आणि त्या भीतीनं मी जे केलं ते तुला ठाऊक नाही.

मागच्या महिन्यात तुझा फोन आला तेव्हा आईनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला होता. तू म्हणालीस, "आई, घेतलं मला परत. मी एक शब्द मागं घेतला नाही, तरी घेतलं. खरं बोललं की उशिरा का होईना, ऐकतात गं." तुझा असा आवाज कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. बाबांना दे म्हणालीस. मी कपडे वाळत घालायचं निमित्त करून गॅलरीत गेलो. त्यानंतर दर वेळी काहीतरी निमित्त काढतोय. बाबा माझ्यावर रागावलेत का, असं तू परवा आईला विचारलंस. तुझ्यावर कशाला रागावू?

बबडे, त्यांनी तुझं ऐकलं नाही. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याची मला ईमेल आली होती. फोटो चढवणाऱ्या खात्याला माझं खरं नाव होतं आणि आडनाव तुझ्या माहेरचं, त्यामुळं त्याला फार शोधावं लागलं नसणार. त्यानं दोनच प्रश्न विचारले होते, कागद कुठून आला आणि तो खरा आहे का. मी उत्तर दिलं की तो कागद मी घरी बसून बनवला, शिक्काही मीच काढला, मुलीनं काही पाठवलं नाही, ती मला वाचवायला स्वतःवर घेतेय. हेच मी ज्ञानकोशाच्या चर्चेत माझ्या नावानिशी लिहिलं आणि त्याची प्रत अधिकाऱ्याला पाठवली. तुझ्याकडं ती साइट उघडत नाही, म्हणून तुला कळलं नाही. आईलाही माहीत नाही. हातोडा म्हणाला, आम्ही पहिल्यापासून सांगत होतो. चांदणीवाल्यानं चांदणी काढून नेली. माझं खातं कायमचं बंद झालं, आणि खोटे पुरावे बनवणाऱ्या माणसानं लिहिलेलं म्हणून माझ्या नद्या, माझे पावसाचे तक्ते एकेक करून खोडणं चाललंय. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. वाटतं ते याचं, की तिकडं तुझ्या फाइलीत आता लिहिलंय, वेळापत्रक खोटं होतं आणि तू बापासाठी खोटं बोललीस. चार महिने तू जे सोडलं नाहीस ते मी एका ईमेलनं तुझ्या हातून काढून घेतलं. तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, म्हणूनच विचारलं नाही. तू खुर्चीवर परत बसलीस तेव्हा मला बरं वाटलं, आणि आजही वाटतं, हेही खरंच सांगतो. पण खरं बोलल्यामुळं परत आले अशा समजुतीत तू उद्या पुन्हा कुणापुढं उभी राहशील, आणि तेव्हा मी नसेन. म्हणून हे लिहिलं. या कागदाच्या मागच्या बाजूला माझी पूर्ण सही आणि तारीख आहे. हा कागद साहेबांपुढं ठेवलास तर मी बोलावतील तिथं येऊन हेच सांगेन. फाडून टाकलास तरी कधी विचारणार नाही. एकदा तुला न विचारता छापलं, एकदा तुला न विचारता खोटं ठरवलं. यापुढं तुझ्या वतीनं मी काही ठरवणार नाही.

तुझाच,
बाबा