चार नंबरचं टेबल आणि माझी डिग्री

प्रिय वहिनी,

तुम्हाला वाकून नमस्कार करायचा, तर हल्ली माझी कंबर वाकण्याआधी परवानगी मागते आणि ती मिळतेच असं नाही. तेव्हा हा बसल्या जागेवरचा नमस्कार गोड मानून घ्या. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून बजावलं, त्याच संध्याकाळी तुम्ही गच्चीवर कुंड्या हलवायला गेलात, ही बातमी इकडे पोचली आहे. (बातमीदाराचं नाव सांगत नाही, पण तो तुमचा नवरा आणि माझा भाऊ आहे.) खरं तर फोनच करणार होते. पण फोन उचलतो दादा, आणि उचलला की आधी आठवड्याभराच्या रक्तदाबाचे आकडे वाचून दाखवतो, वरचा, खालचा आणि दोन्हींची सरासरी. तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत माझाच रक्तदाब मोजायची वेळ येते. म्हणून पत्र.

आमचा कारखाना वार्षिक देखभालीसाठी तीन दिवस बंद आहे. बंद म्हणजे, बाकीचे घरी आणि मी हजर, कारण कुलपं उघडायला कुणीतरी जबाबदार माणूस लागतो. सगळे पंप निमूट उभे आहेत, पाण्याचे नळ बंद आहेत, आणि इतकी वर्षं ज्या आवाजाला शिव्या दिल्या तो नसल्यामुळे मला चुकल्याचुकल्यासारखं होतंय. अशा शांततेत डोकं भलतीकडे जातं. माझं थेट तुमच्या स्वयंपाकघरात गेलं, एकोणीस वर्षं मागे.

आठवतं ना? मी एकतीस वर्षांची, पदरात पाच वर्षांची मुलगी, आणि आमच्या ह्यांची रुग्णालयात एक्स-रे काढायची ड्यूटी नेमकी रविवारी. मी तेव्हा टेस्टिंग शेडमध्ये चार नंबरच्या टेबलावर बसत असे. ऑपरेटर पंप तपासायचे, मी तोच पंप पुन्हा तपासायचा आणि सही करायची, हे नऊ वर्षं. मग एका सोमवारी नवे साहेब आले. वय तेवीस, मिशी फुटायच्या बेतात, हातात कोरी डायरी. त्यांनी पंपाभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि मला विचारलं, "यातून पाणी नेमकं कुठून बाहेर येतं?" मी बोटाने दाखवलं. त्यांनी ते लिहून घेतलं. दुपारी कळलं की आजपासून माझ्या रजेच्या अर्जावर हेच सही करणार, कारण त्यांच्याकडे डिग्री आहे आणि माझ्याकडे नुसता डिप्लोमा. त्याच आठवड्यात मी नोकरदारांच्या अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाच्या डिग्रीचा फॉर्म भरला. कारखान्याच्या समारंभात मी 'ज्ञानाची ओढ' वगैरे बोलते, पण तुमच्यापासून काय लपवायचं? ती ओढ नव्हती, शुद्ध चीड होती. (त्या साहेबांचं पुढे छान झालं. माणूस चांगला होता. पाणी कुठून येतं ते कधी विसरला नाही.)

चार वर्षं, दर रविवारी, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच मी वर्गात आणि मुलगी तुमच्याकडे, तुम्ही तेव्हा इथेच राहायचात ना. बंद खिडक्यांचा आणि खडूचा वास असलेली ती इमारत, आणि अठरा वर्षांच्या मुलांच्या मापाची बाकं. त्यांवर आम्ही बसायचो: एक लिफ्ट दुरुस्त करणारा, एक बेकरीची सुपरवायझर जी उभ्या उभ्या झोपू शकायची, आणि असेच तीसेक. सकाळी यंत्र का बिघडतं ते शिकवायचे आणि दुपारी माणूस का बिघडतो ते. यंत्राच्या बाबतीत निदान उत्तर निघायचं.

माझ्या शेजारी बसायचे ते डेपोकाका. बस डेपोतले फोरमन, वय पंचावन्न, पोट असं की एकदा बाकात शिरले की मधली सुट्टी होईपर्यंत ते आणि बाक वेगळे काढता येत नसत. पहिल्याच दिवशी मी विचारलं, काका, या वयात हे कशाला? तर म्हणाले, "तीस वर्षं गाडी मी दुरुस्त करतोय आणि 'गाडी ठीक आहे' अशी सही दुसराच माणूस करतोय. तो सही करताना काय बघतो, तेवढं मला कळलं पाहिजे." मी हिशेब करून सांगितलं की डिग्री हातात येईल तेव्हा तुम्ही रिटायर झालेले असाल. त्यांचा चेहरा उजळला. "मग तर उत्तमच. अभ्यासाला वेळ मिळेल."

गणिताच्या पहिल्या चाचणीत मला शंभरपैकी अकरा मिळाले आणि काकांना नऊ. काकांनी उठून (बाकासकट) माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. मग आमचा करार झाला. त्यांनी मला गिअर समजावून सांगायचे, मी त्यांना समीकरणं. ते गिअर सांगताना डब्याची झाकणं एकमेकांवर फिरवून दाखवत, आणि आजही मला गिअरचं गणित करताना भूक लागते.

कॅल्क्युलेटरचं प्रकरण तुम्ही विसरला असाल, किंवा सोयीने विसरला असाल. आमच्या फौजदाराला (मुलीला तेव्हा आपण सगळे हेच म्हणायचो, कारण प्रश्न विचारायला लागली की माणसाने न केलेला गुन्हा कबूल करावा) तुम्ही प्राण्यांची चिकटचित्रं आणून दिली होती, आणि तिने ती माझ्या कॅल्क्युलेटरच्या बटणांवर लावली होती. मला कळलं ते परीक्षेच्या दालनात. सातच्या जागी बदक, तीनच्या जागी हत्ती, आणि बरोबरच्या चिन्हावर झोपलेलं मांजर. खरवडून निघेनात. पर्यवेक्षक दोनदा येऊन उभे राहिले. ही काही सांकेतिक भाषा असावी असा त्यांना दाट संशय आला. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी घाबरून स्वतःशीच पुटपुटत होते, "बदक गुणिले हत्ती..." ते माझ्यासाठी पाणी घेऊन आले. त्या पेपरात मला अडुसष्ट मिळाले, वहिनी. गणितात त्याच्यापेक्षा जास्त मला कधीच मिळाले नाहीत.

पण सगळ्यात मोठा घोळ शेवटच्या वर्षी झाला, आणि तो पूर्ण मी तुम्हालाही सांगितला नव्हता. प्रकल्प होता: आपापल्या कामाच्या ठिकाणी वेळ कुठे वाया जातो ते शोधा. मी मोठ्या उत्साहाने हातात घड्याळ घेऊन एका पंपाच्या मागे लागले. पंप जुळला, रंगला, शेडमध्ये आला. चाचणीला लागली अकरा मिनिटं. आणि शेडमधून बाहेर पडायला लागले दोन दिवस. मी म्हटलं, आता सापडला चोर! दहा पंपांचा माग काढला. दहाही पंप एकाच ठिकाणी येऊन खोळंबत होते. चार नंबरच्या टेबलासमोर. माझ्या सहीसाठी.

मी म्हटलं, असेल बाई, पण माझ्या तपासणीमुळे चुका तर सापडतात ना? जुनी रजिस्टरं काढली. जेवणाच्या सुट्टीत तीन आठवडे पानं चाळली. इतक्या वर्षांत ऑपरेटरने 'ठीक' म्हटलेले पंप मी किती वेळा नापास केले? तीन. त्यातल्या दोन वेळा चूक माझीच होती, गेज उलटं वाचलं होतं. म्हणजे शास्त्रशुद्ध निष्कर्ष असा निघत होता की कारखान्याचा वेळ वाचवायचा असेल तर मला उचलून बाहेर ठेवावं.

त्या रविवारी मी मुलीला न्यायला तुमच्याकडे आले, तेव्हा तुम्ही लसूण सोलत होता. मी तुम्हाला म्हटलं, आकडे थोडे फिरवले तर कुणाला कळणार नाही, खोळंबा पॅकिंगमध्ये होतो असं दाखवता येईल. तुम्ही विचारलंत, "पॅकिंगवाल्यांनी काय घोडं मारलंय?" मी म्हटलं, पण वहिनी, खरं लिहिलं तर माझी जागाच जाईल! तुम्ही हातातली पाकळी संपवलीत, आणि म्हणालात, "अगं, त्या टेबलावरून उठायचं म्हणूनच शिकायला गेलीस ना? मग ऊठ की." आणि लगेच, "जेवून जाणार आहेस की तशीच?" मी जेवले. दोनदा वाढून घेतलं.

सादरीकरणाला कारखान्याचे मोठे साहेब पाहुणे म्हणून आले होते. पडद्यावर माझा आलेख, आणि त्यात लाल चौकोन: 'टेबल क्रमांक चार'. साहेब चष्मा सरसावून म्हणाले, "बाकी सगळं समजलं. पण या टेबलावर बसतं कोण?"

"मी."

साहेब माझ्याकडे बघताहेत, प्राध्यापक साहेबांकडे बघताहेत, मी जमिनीकडे बघतेय. आणि मागून टाळ्या सुरू झाल्या, एकट्या माणसाच्या, जाड, तेलकट हातांच्या. डेपोकाका. बसल्या बसल्या वाजवत होते, कारण उठणं शक्य नव्हतं.

बढती वगैरे मिळाली असं तुम्हाला वाटत असेल. महिन्याभरात टेबल उचललं गेलं, एवढंच झालं. मला कुठे बसवायचं याचा विचार कुणी केलाच नव्हता. सहा आठवडे मी रजिस्टर छातीशी धरून शेडभर हिंडत होते. कधी खोक्यावर बसायची, कधी उलट्या बादलीवर. लोक बाजूने जाताना उगाच हळू बोलत. घरी ह्यांना सांगितलं की 'फिरती जबाबदारी' मिळाली आहे. (ते बिचारे आठवडाभर माझ्यासाठी चांगल्या बुटांची चौकशी करत होते.) एकदा स्वच्छतागृहात जाऊन मनसोक्त रडले, आणि बाहेर आले तर तीन ऑपरेटर पंप घेऊन माझी वाट बघत उभे. आता सही आम्हीच करायची ना? मग कशी करायची ते शिकवा म्हणाले.

त्यांच्यातले एक होते, त्यांना सगळे मास्तर म्हणत. बावीस वर्षं पंप तपासत होते. पंप कानाने ओळखायचे, आजारी मुलाच्या छातीला कान लावावा तसे. मी त्यांच्यापुढे रजिस्टर ठेवलं, रकाना दाखवला. मास्तरांनी हात पुसले. पुन्हा पुसले. पेन घेतलं. म्हणाले, "बाई, बावीस वर्षांत एकाही पंपावर माझं नाव नाही." मग अक्षर अक्षर सुटं लिहून त्यांनी सही केली, आणि शाई वाळेपर्यंत रजिस्टर मिटू दिलं नाही. वहिनी, पुढे मी टेस्टिंगची प्रमुख झाले, खोली मिळाली, दारावर पाटी आली. पण त्या चार वर्षांत मी काय शिकले असं कुणी विचारलं, तर मला ती वाळणारी शाई दिसते.

काकांचा गणिताचा पेपर दोनदा राहिला. रिटायर झाल्यावर सव्वा वर्षाने सुटला. निकालाच्या दिवशी आम्ही दोघं त्या इमारतीच्या पायरीवर बसलो होतो. मी विचारलं, मग काका, कळलं का, तो सही करताना काय बघायचा ते? काका खूप वेळ हसत होते. म्हणाले, "काही बघत नव्हता गं! माझ्यावर विश्वास ठेवत होता." मागच्या वर्षी काका गेले. त्यांच्या मुलाने मला त्यांची गणिताची वही आणून दिली. समासात जागोजागी लिहिलंय: 'हे बाईंना विचारणे.' त्यातलं निम्मं मला आजही सांगता येणार नाही.

आता रविवार मोकळा असतो. सकाळी आठ वाजता जाग येते आणि कुठेतरी उशीर होतोय असं वाटत राहतं. असो. डोळ्यांत कारखान्याची धूळ गेली आहे, त्यामुळे इथेच थांबते. दादाला आणि त्याच्या दोन्ही आकड्यांना माझा आशीर्वाद. (मी धाकटी आहे हे मला माहीत आहे.)

तुमची,
नणंद

ता. क. : मुख्य मुद्दा राहिलाच. मला प्लांट मॅनेजर करायचं ठरतंय आणि वरच्या ऑफिसला मूळ डिग्री बघायची आहे, गुरुवारपर्यंत. ती माझ्याकडे नाही. कपाट, बॅगा, गादी, सगळं उपसून झालं. माझ्या आठवणीप्रमाणे समारंभाहून आपण थेट तुमच्याकडे आलो होतो, आणि तुमच्या घरी चांगला जाड कागद दिसला की तो फडताळात डब्यांखाली जातो. (आरोप नाही. निरीक्षण.) जरा बघता का?

दुसरा ता. क. : गच्चीवरच्या खोलीत शोधायला मात्र जाऊ नका. दादाला पाठवा.

तिसरा ता. क. : डिग्री तर कालच सापडली, ह्यांच्या एक्स-रेच्या पाकिटात, कुणाच्या तरी मोडलेल्या मनगटाबरोबर. वरचा मजकूर मी काल सकाळी लिहिला होता आणि आता खोडायला जीव होत नाही. पण येण्यासाठी काहीतरी कारण असलेलं बरं, म्हणून तुम्ही दादाला सांगा की ती शोधायला मीच येतेय. रविवारच्या पहिल्या बसचं तिकीट काढलंय. परतीचं काढलेलं नाही.