पंचविसावी बाटली

३ जून
आले एकदाची! केंद्र पाहताक्षणी आवडलं. दोन खोल्या, एक प्रयोगशाळा, मागे काळ्या मातीचा उतार, समोर ओढा. ओढ्यावरचं यंत्र तासाला एक बाटली भरतं, दिवसाच्या चोवीस. सकाळी त्या आणायच्या, पाणी कागदातून गाळायचं, उरलेला गाळ भट्टीत वाळवून तोलायचा. डोंगराची माती किती वाहून चालली, ते कळतं. वीस वर्षं हेच करतेय. प्रयोगशाळेतल्या मदतनीस मावशी उताराच्या पायथ्याशी, चार घरांच्या ओळीत राहतात. त्या म्हणाल्या, एवढं शिकून बाई चिखलच गाळायचा होता, तर आमचं फडकं काय वाईट होतं? पुष्कळ दिवसांनी पोट धरून हसले.

५ जून
पाऊस नाही. पाणी काचेसारखं, चोवीस बाटल्यांत मिळून चिमूटभर गाळ. मावशींच्या भिंतीला तडा गेलाय, लिंपला तरी पुन्हा उघडतो म्हणतात. मी म्हटलं, जुनी घरं, चालायचंच.

८ जून
आज खोक्यात पंचवीस बाटल्या. कप्पे चोवीसच, ही मधल्या फटीत उभी. मावशींना विचारलं तर फणकारल्या, मला मोजता येतं हो, चोवीसच आणल्या. पाणी लाल. इथे लाल माती कुठेच नाही. वाळवून तोललं. लिटरला ४१.७ ग्रॅम.
हा आकडा मला पाठ आहे.

९ जून
लिहूनच टाकते. अकरा वर्षांपूर्वी, दुसऱ्या केंद्रावर, लाल डोंगराखाली, एका बाटलीत ४१.७ निघाले. बाकी सगळीकडे दोन-तीन. बाटल्या आणणारे म्हातारे, आम्ही त्यांना बाटलीकाका म्हणायचो, सांगत होते, बाई, पाणी आज जड लागतंय. मी म्हटलं, काका, पाणी तेवढंच आहे, वय झालंय तुमचं. सरांनी सांगितलं म्हणून नोंदवहीत लिहिलं: नमुना गाळला. आलेख कसा सरळ आला. सतराव्या दिवशी डोंगर वस्तीवर आला. सात माणसं. त्यात काकाही.

१० जून
काल खोटं लिहिलं. सरांनी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, खात्री आहे का? मी हो म्हटलं. स्वतःच्या वहीतही मी दुसऱ्याच्या खांद्यावर ओझं टाकते.
आज पुन्हा पंचविसावी. बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरचं अक्षर काकांचं. त्यांचा सात नेहमी पाठीवर पडलेला असायचा. ४१.७. नव्या साहेबांना काय सांगू? वेडी म्हणतील. नोंदवहीत लिहिलं: नमुना गाळला.
तेच दोन शब्द. हात अडखळलासुद्धा नाही.

१२ जून
एकतीस बाटल्या. चोवीस आणि सात. सातही लाल.
मावशी ओढ्यावरून आल्या त्या मनगट चोळत. म्हणाल्या, काय की बाई, बादली तेवढीच, पण पाणी आज जड लागतंय.
त्यांना हे मी सांगितलेलं नाही. कुणालाच नाही.

१३ जून
साहेबांना फोन केला. चारही घरं आत्ता रिकामी करा म्हटलं. ते म्हणाले, पाऊस नाही, काही नाही – खात्री आहे का?
माती इथली नाही. आकडा अकरा वर्षांपूर्वीचा. तरी हो म्हटलं. तेव्हाही खात्री नव्हती, तरी म्हटलंच होतं.
त्यांनी गाडी पाठवली. बाकी तिन्ही घरांतली माणसं चढली, मावशींना हाताला धरून बसवलं. गॅसवर दूध आहे, उतू गेलं तर तुम्ही पुसणार का, असं ओरडत होत्या. गाडी गेली. मी परत केंद्रात आले. नोंदवहीतले ते दोन शब्द खोडायला –

दुपारी
खोडले.
घरं गेली. चारही. खिडकीतून दिसलं. मावशी गाडीत आहेत – गाडी पुलापलीकडे आहे – दिसली –
उतार काळा. येतेय ती माती लाल.

दार उघडत नाही. बाहेरून कुणीतरी ठोठावतंय. सातदा. थांबतं. पुन्हा सातदा.

तराजूवर मी काही ठेवलेलं नाही. आकडा चढतोय – ४१.७ – पुढे –

पाणी गुडघ्याशी. जड आहे, काका. खरंच जड –

वही वरच्या फळीवर ठेवते. ज्याच्या हाती लागेल त्याने – सगळे नमुने खरे आहेत – एकही गाळू न