ऋतुजाचं वजन

अंबत्तूर, चेन्नई

ती. आईस,

मालनचा वाकून नमस्कार. आम्ही सगळी बरी आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून लिहिते.

तुझी नात बॉक्सिंगमध्ये राज्यात पहिली आली. आठवीत म्हैस म्हणणाऱ्या पोराचा दात पाडला, तिथून हे सुरू झालं. या लढतीत तिच्या नाकातून जरा रक्त आलं, आता थांबलंय.

पण आधी घोळ झाला तो ऐक. तिच्या गटाला एक्क्याऐंशी किलोच्या वर वजन लागतं. सकाळी काट्यावर साडेऐंशीच भरलं. कोच मला म्हणाला, "अम्मा, पोरीला जेवायला घालत नाही का?" आजवर असं कुणी विचारलं नव्हतं.

मग कळलं, तू स्थळासाठी सांगितलेली संकष्टी तिने आदल्या दिवशी धरली होती. चंद्र उगवायच्या आतच झोपली, तशीच उपाशी. तासाभराने पुन्हा वजन होतं. केळी, दहीभात, वर पाणी, मी समोर बसून भरवलं. तेव्हा कुठे पास झाली.

पुढच्या महिन्यात देशाची स्पर्धा आहे. आता उपास धरू नकोस म्हणून तूच सांग. स्थळाचं नंतर बघू.

ऋतुजा अजून अर्धपोटी उठते. जाडी होतेस म्हणून लहानपणी मीच तिच्या ताटातली भाकरी उचलायची. आता मी जेव म्हटलं की नुसती बघते. तुझं ऐकेल. शेजारच्या पोरीकडून दोन ओळी लिहून घे आणि धाड, पोटभर जेव म्हणून.

तुझी,
मालन