चंद्र कुरतडणारा उंदीर

ग्रिन्स्टेड,
१२ जानेवारी २०१४

चि. आस्गर यास,
अ. उ. आ.

फोन करत नाही, कारण चिडलास की तू तो ठेवून देतोस. पत्र तसं ठेवून देता येत नाही.

काल आईकडे, वृद्धाश्रमात गेले होते. नाताळात तू तिच्या खोलीत मांडून गेलास तो लेगोचा चांद्रतळ पाहिला. खोटं कशाला सांगू, दारातून पाहिला तेव्हा डोळे भरून आले. करडी खळग्यांची जमीन, निळं यान, पिवळ्या काचा, लाल नि पांढरे अंतराळवीर. एकोणऐंशीच्या नाताळला आईनं आणला होता, अगदी तसाच. मग जवळ गेले. आई खिडकीशी बसून यानाचा पंख ओढत होती. तिची दोन नखं मुळापासून तुटली होती आणि बोटाला रक्त होतं. मी ओढून पाहिला, मलाही निघेना. वाकून पाहिलं तर सांध्यातून गोंद बाहेर आलेला. आस्गर, दुरुस्त करतो म्हणून नेलास आणि सगळा संच चिकटवून आणलास?

एकोणतीस वर्षं ती बिलुंडच्या लेगो कारखान्यात पॅकिंगला होती. आता आपली नावं विसरली. मला इंगर म्हणते, म्हणजे पॅकिंगच्या सरकत्या पट्ट्यावर शेजारी बसायची ती बाई. पण तिची बोटं काही विसरलेली नाहीत. उन्हाळ्यापर्यंत रोज सकाळी ती हा तळ सुटा करायची, रंगवार बश्यांत लावायची, दुपारच्या कॉफीनंतर पुन्हा जोडायची. तेवढा वेळ ती आपली आई असायची. आता नुसती ओढत बसते आणि रडते. काल मला म्हणाली की इंगर, माझ्या हातातली ताकद गेली गं. मी काय सांगणार होते तिला, की ताकद तुझी नाही, अक्कल तुझ्या मुलाची गेली?

तुझं बरं आहे. बोर्नहोम बेटावर बसायचं, वर्षातून दोनदा बोटीनं यायचं, फोटो काढायचे नि पाहुण्यासारखी कॉफी पिऊन जायचं. दुरून डोंगर साजरे. आणि ते निळे पंख नवे कोरे कसे? आपले कुठे टाकलेस?

हे कसं निस्तरणार ते कळव. माझा लोभ आहे, पण या महिन्यात त्याची परीक्षा पाहू नकोस.

तुझी,
गुद्रून


स्वानेके, बोर्नहोम,
२० जानेवारी २०१४

ती. गुद्रूनताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि आधी बंदरापर्यंत चालत जाऊन आलो. तसाच लिहायला बसलो असतो तर ते तुला वाचवलं नसतं.

आता माझं ऐक. जुलैत तू इटलीत ऊन खात होतीस तेव्हा लिस्बेटचा फोन मला आला. तीच, आईच्या मजल्यावरची परिचारिका, जिला तू देवमाणूस म्हणतेस. ती म्हणाली की तुमची आई ठोकळे तोंडात घालते, मी तीनदा पाहिलं, एखादा घशात अडकला तर काय करायचं, एक तर खेळणं घेऊन जा नाहीतर काहीतरी उपाय करा. घेऊन गेलो असतो तर तू मला फाडून खाल्लं असतंस. म्हणून उपाय केला. पाच महिने केला. करडे ठोकळे पिवळे पडले होते, ते औषधात बुडवून ऑगस्टच्या उन्हात ठेवले. अंतराळवीरांच्या शिरस्त्राणांच्या हनुवटीकडच्या कडा तडकल्या होत्या, त्या शोधून बदलल्या. आणि गोंद लावताना मला आनंद झाला असं वाटतं तुला? ठोकळ्याला गोंद लावणं म्हणजे काय, हे बिलुंडच्या आसपास वाढलेल्या माणसाला शिकवू नकोस. बाबा असते तर त्यांनी मला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

पंखांचं विचारतेस, तर ऐक. त्यातल्या अकरा चपट्या पट्ट्यांवर दातांच्या खुणा होत्या. त्या मी बदलल्या, कारण उरलेलं आयुष्य मला त्या बघायच्या नाहीत. तुला आठवत नसेल, मला आठवतं. मी सात वर्षांचा होतो. चपट्या पट्ट्या एकमेकींवर घट्ट बसल्या की निघत नाहीत, मुलं दातानं सोडवतात, आणि आपल्या घरात त्याला सक्त बंदी होती. बाबांना खुणा दिसल्या. त्यांनी आपल्याला स्वयंपाकघरात उभं केलं आणि चीजचा एकेक तुकडा चावायला लावला, खुणा ताडून पाहायला. माझे वरचे पुढचे दोन्ही दात तेव्हा पडलेले होते, ताई. मी तोंड उघडून दाखवलं. बाबा म्हणाले की मग दाढेनं चावलं असशील. खोका पुढच्या नाताळपर्यंत कपाटावर गेला. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली. आई तिथेच भांडी घासत होती, मागे वळलीसुद्धा नाही.

आणि त्यावर कळस तुझा. चौदाव्या वर्षी चर्चमध्ये माझं दृढीकरण झालं, त्याच्या जेवणाला तू गाणं रचलंस. सगळ्यांच्याच बहिणी रचतात, पण तू सात कडवी चंद्र कुरतडणाऱ्या उंदरावर रचलीस आणि चाळीस पाहुण्यांनी कागद हातात धरून ती गायली. शाळेत मी उंदीर, फुटबॉलच्या संघात उंदीर, लग्नातल्या गाण्यातही उंदीर. मी एकही पट्टी चावली नव्हती. हे मी तेहतीस वर्षं सांगतोय आणि तुम्ही तेहतीस वर्षं हसताय. तुझेच दात असणार, अशी माझी खात्री आहे.

त्या अकरा पट्ट्या फेकलेल्या नाहीत. जॅमच्या बरणीत ठेवल्या आहेत. पुरावा कुणी फेकत नाही.

रागावलो आहे, तरी लोभ तोडू नये ही विनंती.

आस्गर


ग्रिन्स्टेड,
३ फेब्रुवारी २०१४

चि. आस्गर यास,
अ. उ. आ.

तुझ्या पत्रावर मी आठवडाभर धुमसत होते. एका गाण्यासाठी माणूस इतकी वर्षं दात धरून बसतो, असं मनाशी म्हणत होते. तुला दोन पत्रं लिहून फाडली. तू मला चोर म्हणालास ते त्या दोन्हींत होतं, इथे लिहीत नाही.

मग शनिवारी एक केलं. आमच्या बालवाडीतल्या ठोकळ्यांतून दोन निळ्या चपट्या पट्ट्या घेतल्या, एकमेकींवर गच्च दाबल्या आणि आईच्या हातात दिल्या. लिस्बेटला शेजारी उभं केलं. म्हटलं, तोंडात घालते म्हणजे काय करते ते एकदा नीट बघू या.

आईनं आधी नखानं पाहिलं, पण नखं आहेत कुठे आता. मग टेबलाच्या कडेला लावून पाहिलं. मग तिनं मान वर करून दाराकडे पाहिलं. कुणी येत नाही ना, अशी खात्री केली, पट्टी दातांत धरली, मान जराशी वळवली आणि टक. दोन्ही सुट्या. बाहीला पुसल्या, ओल राहिली नाही ना पाहिलं आणि बशीत ठेवल्या. आस्गर, हे आज सुचलेलं नव्हे. हा मुरलेला हात होता, किंवा मुरलेला दात म्हण. आणि ते दाराकडे पाहणं मी ओळखलं. बाबांची सायकल आली का, हे ती तशीच पाहायची.

मी बशीतली पट्टी उचलली. खुणा मोठ्या माणसाच्या दातांच्या होत्या, अगदी तेव्हाच्या खुणांसारख्याच. बाबांनी चीज आपल्या दोघांनाच का चावायला दिलं, हा प्रश्न त्या घरात कुणाला पडला नाही. मलाही नाही.

ते गाणं मी लिहिलं, त्याची आता लाज वाटते. याहून जास्त मला जमणार नाही, लहानपणापासून तू मला ओळखतोस. पण राग कुणावर काढायचा तेही कळेना. मला इंगर म्हणणाऱ्या बाईशी भांडू कशी?

लिस्बेट म्हणते की खात नाही हे पटलं, कुणी शेजारी बसणार असेल तर सुटे ठोकळे द्यायला हरकत नाही. तेव्हा बरणी घेऊन ये. तुझं ते चिकटवलेलं देखणं प्रकरण खिडकीत राहू दे, तिला हात लावायला ती बरणी हवी आहे.

मला दोन दिवस ताप आहे, मी तिकडे फिरकणार नाही. एकटाच जा. लोभ होता तेवढा ठेव, वाढवायचा की नाही ते भेटून आल्यावर ठरव.

गुद्रून


बोर्नहोमच्या बोटीवरून,
१० फेब्रुवारी २०१४

ती. गुद्रूनताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, समुद्र खवळला आहे. मीही होतो.

तुला वाटलं असेल मी बरणी पोचवायला गेलो. नाही. मी भांडायला गेलो होतो. बरणी टेबलावर आपटायची आणि विचारायचं, सात वर्षांच्या पोराला उभा जाळत होते तेव्हा तू भांडी कसली घासत होतीस. कोपनहेगनपासून गाडीत हेच वाक्य घोळवत होतो. इतका राग मला बाबांचाही कधी आला नव्हता.

खोलीत गेलो. तिनं मला ओळखलं नाही. कारखान्यातल्या पट्ट्यावर नवीन आलेला माणूस समजली आणि बस म्हणाली. मी बरणी ओतली. त्या अकरा पट्ट्या पाहून तिचा चेहरा जो उजळला, ताई, तो मी माझ्यासाठी उजळलेला कधी पाहिलेला नाही. हेही मला लागलं, लिहून ठेवतो. मी काही विचारायच्या आत तिनं जुन्या पट्ट्या जोडल्या, दाराकडे पाहिलं आणि तुझ्या पत्रातल्यासारखी टक करून सोडवल्या. मी पाहतोय हे लक्षात आल्यावर जरा ओशाळली.

मग आपणहून बोलायला लागली. म्हणाली की दिवसभर डबे बंद करायचे, वर्षानुवर्षं नुसते बंदच करायचे, एखादा तरी उघडून बघावा की नाही माणसानं. संध्याकाळची पाळी असली की सकाळी घर रिकामं असतं, मुलं शाळेत, नवरा कामावर. तेव्हा ती चंद्रावर जाते. लाल अंतराळवीर ती स्वतः. मुलं यायच्या आत सगळं होतं तसं ठेवते. पण घाईत पट्ट्या निघत नाहीत, आणि नवऱ्याला कळलं तर तो म्हणेल की बाई मोठी झाली तरी खेळते, मग सगळ्या नात्यात हसं.

मी विचारलं की मग खुणा सापडल्या तेव्हा काय झालं. माझा आवाज चढला होता, शेजारच्या खोलीतल्या बाईनं डोकावलं. आईनं माझ्या मनगटावर हात ठेवला, जवळ ओढलं आणि हळूच म्हणाली की धाकट्याचं नाव आलंय, येऊ दे, तू कुठे बोलू नकोस. लहान आहे तो, विसरून जाईल.

माझं घोळवलेलं वाक्य तोंडात तयार होतं. मी म्हटलं की हो, विसरला तो.

ती समाधानानं पुढच्या पट्टीकडे वळली. मी तासभर बसलो, पट्ट्या जोडून तिला देत राहिलो. राग गेलेला नाही, हे तुला सांगतो, तिला सांगितलं नाही. जूनमध्ये पुन्हा येईन. तोवर शनिवारी तू बस तिच्याशेजारी, आणि पट्ट्या जरा गच्च दाबून दे, सैल दिल्या की तिला आवडत नाही.

रागातून उरेल तेवढा लोभ पाठवतो आहे, तुझाही असू दे.

आस्गर
(उंदीर नव्हे)