अजून एक खांब

दिग्रस,
१० नोव्हेंबर २०२५

चि. निकिता,

तुला आणि जावईबापूंना पोटभर आशीर्वाद. मी धडधाकट आहे. फोनवर तू यापुढचं ऐकून घेत नाहीस, म्हणून पत्र.

शनिवारी तू मला न्यायला येणार. आधी नागपूरला डोक्याचे डॉक्टर, मग कायमचं नाशिक. जलालनं घाबरून तुला फोन केला ना, "सदा कविता भुलून राह्यला, बेटी" म्हणून? त्याचं काही चुकलं नाही. सांगतो.

आधी जुना गुन्हा. साखर वाढली तेव्हा तू पावलं मोजायचं घड्याळ पाठवलंस. चार दिवस चाललो, काढा पितात तसा. मग घड्याळ कपाटात गेलं. "बाबा, फिरलात?" विचारायचीस, आणि मी ओट्यावर बसून "हो" म्हणायचो.

उन्हाळ्यात एका संध्याकाळी जलाल स्कूटरचं गॅरेज बंद करून माझ्यासोबत निघाला. साखर त्यालाही आहेच. चौथीपर्यंत आम्ही एकाच तरटपट्टीवर बसलेले. मी सहज शाळेतल्या कवितेची एक ओळ गुणगुणलो, तर त्यानं पुढची म्हटली. बाईंच्याच चालीत, साठ वर्षांनी! मला तर रस्त्यावर खडूचा वास आला.

तेव्हापासून आमचा खेळ. एकानं ओळ म्हणायची, विजेचा पुढचा खांब यायच्या आत दुसऱ्यानं पुढची. जो अडला त्याच्यापायी दोघांनी परतण्याआधी अजून एक खांब पुढे चालायचं.

आता खरं सांगतो. मला एकही ओळ अडत नाही, पोरी. घरी परतायची वेळ झाली की जीव खट्टू होतो, म्हणून मी डोकं खाजवत अडतो. जलाल टाळी वाजवतो, "भुलला ना लेका! चाल, अजून एक खांब!" चौथीनंतर त्याच्या हातात पाना आला, शाळा सुटली. आता तो मला हरवतो. ती खुशी कशी हिसकावू?

असं करत करत आम्ही जिनिंगच्या कारखान्यापर्यंत जातो, अंगावर कापूस घेऊन येतो. जलालच्या घरी गौहरभाबी म्हणतात, "परीक्षा कवा हाय तुमची? जेवाले तरी येत जा!"

गेल्या आठवड्यात मात्र अति केलं. सहा वेळा अडलो, तेही पहिलीतल्या कवितेत. जलाल हसला नाही. हात धरून मला घरी आणलं, आणि तुला फोन लावला.

आज एकदाही अडणार नाही. त्याची भीती तर जाऊ दे. येऊन पुढचं लिहितो.

आलो. सगळ्या ओळी घडाघडा म्हटल्या. जलाल ऐकत राहिला, डोळे पुसले, मग शिव्या घातल्या. आणि परतायच्या खांबापाशी, पहिलीतल्या त्याच कवितेत, तो अडला. डोकं खाजवलं, माझ्याकडे बघितलं नाही. "भुललो रे सदा. चाल, अजून एक खांब."

जिनिंगच्याही पुढे गेलो आज.

साखरेचा नवा रिपोर्ट सोबत जोडलाय, बघ किती उतरली. शनिवारी जरूर ये. माझ्यासाठी बॅग आणू नकोस, तुझे चालायचे बूट आण.

दिग्रसच्याच रस्त्यावर सापडणारा,
तुझा बाबा